काचेच्या खिडकीची चिप आणि दुकानात न पोचलेला अटारी गेम

तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. बाकी सगळं सांगण्याआधी एक काम सांगते. ज्या चिपवरचा स्टिकर निघाला आहे, तिच्या काचेवर आत्ताच काळी इन्सुलेशन टेप लावा. टेप घरात नसेल तर जाड कागदाची घडी ठेवून वरून कुठलीही चिकटपट्टी लावा. तुमचा एक फोटो खिडकीजवळ, उन्हात काढलेला दिसतोय. तो पुन्हा तसा काढू नका. एवढं करून या, मग पुढचं वाचा.

आता तुमचा प्रश्न. न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये तुम्ही अटारी २६०० चं, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राचं, खोकं घेतलंत. त्यात आठ कॅसेट, म्हणजे गेमची कार्ट्रिज, निघाल्या. त्यातल्या एकीवर कंपनीचं लेबल नाही, नुसती मास्किंग टेप आहे, आणि तिच्यावर पेनाने लिहिलेली पुसट अक्षरं आणि ५-११-८२ असा आकडा आहे. तुमच्या भावाने स्क्रू काढून ती उघडली. आत बोर्डावर काचेची खिडकी असलेल्या दोन चिपा आणि शेजारी एक छोटी चिप दिसली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा कधीच बाजारात न आलेला गेम आहे का, यंत्रात लावून पाहू का, आणि विकला तर काय मिळेल.

मला यात खरा प्रश्न वेगळा दिसतो. त्या दोन चिपांमध्ये असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच शिल्लक नाही? आणि असेल तर ते अजून वाचता येतंय का? याचं उत्तर मिळालं की तुमचे तिन्ही प्रश्न सोपे होतात. त्याआधी त्यांची उत्तरं देणं म्हणजे अंदाजपंचे बोलणं होईल.

मी हे कुठल्या अनुभवावर बोलते तेही सांगते. नोकरीची पहिली बारा वर्षं मी भोसरीत काढली. कारखान्यांतल्या मशीनच्या कंट्रोल कार्डांची दुरुस्ती हे माझं काम होतं. त्या कार्डांवर याच चिपा असायच्या. पुढे मुलाकडे कॅलिफोर्नियात आले, आणि इथल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्राहकांना त्यांच्या कार्ट्रिजमधला मजकूर वाचून द्यायला लागले. कारखान्याचं कार्ड असो की खेळाची कॅसेट, चिप तीच असते आणि ती मरतेही त्याच कारणांनी.

या चिपेला ईप्रॉम म्हणतात. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती काढली. कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळीकडे १ असतो. तिच्यात प्रोग्रॅम भरायचा म्हणजे हव्या त्या जागी विजेचा भार कोंडायचा आणि तिथे ० करायचा. हा भार चहूबाजूंनी बंद अशा एका बारीक थरात अडकून राहतो, वीज काढून घेतली तरी जात नाही. काचेची खिडकी असते ती हा भार मुद्दाम उडवून देता यावा म्हणून. अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवली की चिप पुन्हा कोरी होते. इंटेलच्या माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलं असायचं की थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सतत ठेवली तर साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. म्हणून तर स्टिकर लावतात.

भोसरीत एका कारखान्यात एक लेथ दर उन्हाळ्यात वेड्यासारखं वागायचं. पहिल्या वर्षी आम्ही वायरिंग तपासलं, दुसऱ्या वर्षी पॉवर सप्लाय बदलला. तिसऱ्या वर्षी मी कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं तर आतल्या एका चिपेवरचा कागदी स्टिकर गळून खाली पडला होता. दाराला पाहायची काच होती, आणि छताच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी दोनच्या सुमाराला उन्हाचा एक चौकोन बरोबर त्या काचेवर यायचा. एवढ्याशा गोष्टीपायी तीन उन्हाळे गेले. त्या प्रोग्रॅमची दुसरी प्रत कारखान्याकडे नव्हती. तेव्हापासून उघडी खिडकी दिसली की माझा हात आधी टेपकडे जातो.

तुमच्या चिपा चाळीस वर्षांहून जुन्या आहेत. त्या बनवणाऱ्या कंपन्या दहा-वीस वर्षांची हमी धरून चालायच्या. चांगल्या ठेवलेल्या चिपा त्याच्या दुप्पट काळ टिकलेल्या मी स्वतः वाचल्या आहेत, पण प्रत्येकीचं तसं होत नाही. गॅरेजच्या पोटमाळ्यावरच्या उकाड्यात भार लवकर गळतो. तुमचं खोकं कुठे होतं, किती वर्षं होतं, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते आपल्याला बाहेरून पाहून कळणार नाही.

आता 'प्रोटोटाइप', म्हणजे बाजारात येण्याआधीची नमुना प्रत, या शब्दाबद्दल. बहुतेकांची फसगत इथेच होते. दुकानात विकायच्या कॅसेटमध्ये मास्क रॉम असायचा, म्हणजे कारखान्यात चिप घडतानाच त्यात प्रोग्रॅम कोरलेला. तो एकदा झाला की बदलता येत नाही, आणि मास्क बनवायचा खर्च निघायचा तर हजारोंनी चिपा काढाव्या लागतात. त्यामुळे त्याच्या आधीची प्रत्येक प्रत ईप्रॉमवर असायची. प्रोग्रॅमरने संध्याकाळी टीव्हीवर तपासायला काढलेली, चुका शोधणाऱ्यांना दिलेली, मुलांना खेळायला बसवून त्यांची मतं घेण्यासाठी काढलेली, लास वेगास किंवा शिकागोच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात ठेवलेली, मासिकांना परीक्षणासाठी पाठवलेली, या सगळ्या प्रती ईप्रॉमवरच. म्हणजे जे गेम लाखांनी विकले गेले त्यांच्याही अशा प्रती होत्या. काचेची खिडकी दिसली म्हणजे न निघालेला गेम सापडला असं होत नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक खिडकीवाल्या कॅसेट अखेर दुकानात विकल्या गेलेल्या गेमच्याच निघाल्या. काहींत थोडे फरक होते, काहींत काहीच फरक नव्हता.

तरीही खरोखर न निघालेले गेम होते, आणि ते का निघाले नाहीत हे कळलं की आपल्या हातातल्या वस्तूकडे कसं पाहायचं ते कळतं. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कॅरल शॉ यांच्या 'पोलो'चं उदाहरण. शॉ १९७८ मध्ये अटारीत लागल्या. व्हिडिओ गेम हा पेशा म्हणून करणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. अटारी तेव्हा वॉर्नर या मोठ्या कंपनीच्या मालकीची होती, आणि वॉर्नरच्याच सौंदर्यप्रसाधनांच्या शाखेकडे राल्फ लॉरेनचं 'पोलो' हे नवं अत्तर होतं. घोड्यावरच्या पोलोचा एक गेम करून त्याची जोड अत्तराच्या जाहिरातीला द्यायची, अशी कल्पना होती. शॉ यांनी गेम लिहिला. जाहिरातीचा बेत बारगळला आणि गेमही तिथेच राहिला. म्हणजे गेम वाईट होता म्हणून तो अडला असं नाही, तो ज्या कामासाठी केला होता ते कामच उरलं नाही. याच शॉ यांनी पुढे ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीसाठी १९८२ मध्ये 'रिव्हर रेड' केला. तो जगभर खेळला गेला.

दुसऱ्या काहींचं कारण बाजार. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला, आणि १९८४ च्या जुलैत वॉर्नरने अटारीचा घरगुती यंत्रांचा विभाग जॅक ट्रामियल यांना विकला. टेबलावर होतं ते काम टेबलावरच राहिलं. 'यार्स रिव्हेंज' आणि 'ई.टी.' करणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांचा 'सॅबटूर' असाच अडकला. पुढे अटारीच्या नावाने निघालेल्या फ्लॅशबॅक यंत्रात तो लोकांना खेळायला मिळाला. पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९८३ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचा, रिव्हेंडेलच्या प्रवासाचा गेम कॅटलॉगमध्ये छापला होता. तो दुकानात कधीच आला नाही. कित्येक वर्षं लोक म्हणायचे की तो नुसता कागदावर होता. मग एक कॅसेट सापडली आणि चालू केल्यावर गेम होता हे सिद्ध झालं. याच्या उलट 'स्वोर्डक्वेस्ट' मालिकेतला चौथा भाग, 'एअरवर्ल्ड'. त्याची जाहिरात झाली, बक्षिसांची स्पर्धा ठरली, पण पूर्ण झालेला गेम कुणालाच सापडलेला नाही. २०२२ मध्ये 'अटारी ५०' संग्रहात या नावाने जो आला तो नव्याने लिहिलेला आहे. नाव कॅटलॉगमध्ये असलं म्हणून चिप असतेच असं नाही, आणि नाव कुठेच नसलं म्हणून चिप नसते असंही नाही.

एक गैरसमज वाटेतच दूर करते, कारण तुम्ही न्यू मेक्सिकोच्या खड्ड्याचा उल्लेख केला आहे. अलामोगोर्डो इथे १९८३ मध्ये अटारीने पुरलेला माल एप्रिल २०१४ मध्ये उकरला तेव्हा साधारण १३०० कॅसेट वर आल्या. तो न खपलेला, परत आलेला दुकानी माल होता. तुमच्या खोक्याचा त्याच्याशी संबंध असायचं कारण नाही.

आता तुमचा बोर्ड. फोटोतून जेवढं वाचता येतंय तेवढं सांगते. दोन्ही मोठ्या चिपांना २४ पिना आहेत आणि एकीवर २७१६ हा आकडा दिसतो. या मालिकेत शेवटचे आकडे म्हणजे किलोबिट. आठ बिटांची एक बाइट, म्हणून १६ किलोबिट म्हणजे २ किलोबाइट, दोन चिपा मिळून ४ किलोबाइट. छोट्या १४ पिनांच्या चिपेवर ७४एलएस०४ लिहिलंय. ते साधं इन्व्हर्टर आहे, १ चा ० आणि ० चा १ करतं. ते तिथे का आहे? अटारी २६०० ला कॅसेटमधलं काही वाचायचं असलं की ती एक ठरावीक तार, बाराव्या पत्त्याची (० पासून मोजून), उंच करते, म्हणजे तिच्यावर १ चा इशारा देते. दुकानी कॅसेटमधला मास्क रॉम त्या उंच इशाऱ्याने जागा होईल असाच बनवलेला असायचा. ईप्रॉम मात्र खालच्या इशाऱ्याने जागी होते. म्हणून मधे इन्व्हर्टर लागतो, आणि दोघींपैकी कुठली चिप बोलेल हे ठरवायलाही त्याचाच उपयोग होतो. यावरून एवढं नक्की म्हणता येतं की हा बोर्ड ईप्रॉमसाठीच जुळवलेला आहे, दुकानी कॅसेटची नंतर केलेली मोडतोड नाही.

आणखी एक गोष्ट निघते. २६०० चा ६५०७ प्रोसेसर कॅसेटचे फक्त ४ किलोबाइट एका वेळी पाहू शकतो. त्याहून मोठा गेम असेल तर आतले भाग आळीपाळीने पुढे आणावे लागतात, आणि त्याला जास्तीचं सर्किट लागतं. १९८१ चा 'ॲस्टेरॉइड्स' हा असा ८ किलोबाइटचा पहिला गेम. तुमच्या बोर्डावर तसं सर्किट नाही. म्हणजे तुमचा गेम ४ किलोबाइटचा. टेपवरचा आकडा अमेरिकन पद्धतीने वाचला तर ११ मे १९८२ होतो, आपल्यासारखा ५ नोव्हेंबर नाही. चिपेवर खाली ८२१४ आहे, ती बनल्याची खूण: १९८२ चा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिल. तारखा एकमेकींशी जुळतात. पण इथे मी हात आखडता घेते. जुन्या कोऱ्या चिपा आजही विकत मिळतात, आणि जुन्या चिपेवर नवीन गेम भरून मास्किंग टेप चिकटवणारेही आहेत. तारीख जुळली नसती तर मी संशय घेतला असता. जुळली म्हणून खात्री देत नाही.

यंत्रात लावून पाहू का, असं विचारलंय. माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. यंत्रात लावल्याने चिप पुसली जाते असं नाही, पण तुमचं यंत्रही चाळीस वर्षं जुनं आहे. त्याच्या ॲडॉप्टरमधून ९ व्होल्ट येतात आणि आतला एक रेग्युलेटर त्याचे ५ करतो. तो बिघडलेला असेल तर चिपेला ५ हून जास्त मिळतील, आणि मग विषय संपला. शिवाय तुम्ही बोर्ड खोळीतून बाहेर काढला आहे. उघडा बोर्ड स्लॉटमध्ये उलटाही बसतो. आणि समजा पडद्यावर काही आलंच नाही, तर त्यावरून काय कळणार? चिप मेली, की कनेक्टर मळलाय, की एखादी बाइट गळलीय, काहीच सांगता येणार नाही. म्हणून माझा क्रम असा असतो: आधी झाकायचं, मग वाचायचं, वाचलेलं दोन ठिकाणी ठेवायचं, आणि खेळून बघायचं ते त्या प्रतीवर. मूळ चिपेवर नाही.

वाचायचे दोन मार्ग आहेत, आणि कुठला घ्यायचा हे चिपा सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खोबणीत) आहेत की थेट बोर्डाला सोल्डर केल्यात यावर ठरतं. फोटोत मला एकीखाली सॉकेटची कड दिसते, दुसरीची खात्री नाही. सोल्डर केलेली असेल तर ती उपसू नका. घरच्या सोल्डरिंग गनने जुन्या बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उचलला जातो, आणि तो पुन्हा बसत नाही. अशा वेळी बोर्डाच्या कडेच्या कनेक्टरमधूनच वाचावं. ४ किलोबाइटच्या साध्या कॅसेटला ते अवघड नाही. बाराव्या पत्त्याची तार उंच धरायची, बाकीचे बारा पत्ते ० पासून क्रमाने मोजत जायचे आणि दर वेळी समोर येणारी बाइट लिहून घ्यायची. तुमचा भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा आहे म्हणालात, तर आर्डुइनो मेगा या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर हे काम तो एका दुपारी जुळवू शकेल. ती ५ व्होल्टवर चालते, म्हणून ती.

सॉकेटमध्ये असतील तर आधी फोटो घ्या. कुठली चिप डावीकडे, कुठली उजवीकडे आणि प्रत्येकीच्या टोकाची अर्धगोल खाच कुणीकडे, हे त्यात दिसलं पाहिजे. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हर एकदा या टोकाखाली, एकदा त्या टोकाखाली घालून केसभर केसभर वर उचला. एकाच बाजूने उचलली तर पिना वाकतात, आणि काळ्या पडलेल्या जुन्या पिना सरळ करताना तुटतात. रीडरमध्ये, म्हणजे चिप वाचायच्या यंत्रात, घालताना खाच पुन्हा पाहा. उलटी बसली तर चिपेला वीज आणि अर्थ उलटे मिळतात, आणि बोट लावलं तर चटका बसेल इतकी ती तापते. ती चिप परत येत नाही.

ईप्रॉम प्रोग्रॅमरवर (चिप वाचायच्या आणि भरायच्या यंत्रावर) वाचत असाल तर फक्त 'रीड' हे बटण. चिप ओळखून घ्यायचा पर्याय सुरू असेल तर तो बंद करा, कारण त्यासाठी काही यंत्रं एका पिनेवर १२ व्होल्ट देतात आणि या जुन्या चिपांना तशी सोयच नाही. आणि कंपनीचं नाव नीट वाचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ ही इंटेलच्या २७१६ सारखी नाही. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. इंटेलसारखी असते ती त्यांची टीएमएस२५१६. आकडा तोच म्हणून मालही तोच असं समजून लोकांनी चिपा घालवल्या आहेत.

एकदा वाचून थांबू नका. प्रत्येक चिप दहा वेळा वाचा, दहाही फाइली ठेवा आणि एकमेकींशी ताडून पाहा. सगळ्या सारख्या आल्या तर उत्तम. दोन-तीन बाइट दर वेळी वेगळ्या येत असतील तर घाबरू नका, तो भार गळत चालल्याचा पुरावा आहे. अशा वेळी चिपेला ५ ऐवजी थोडा कमी व्होल्टेज, साडेचार किंवा त्याहून किंचित खाली, देऊन पुन्हा वाचतात. अर्धवट गळलेला ० पूर्ण व्होल्टेजवर १ सारखा दिसतो, व्होल्टेज कमी केला की पुन्हा ० म्हणून ओळखता येतो. मागच्या वर्षी एका गृहस्थांची चिप पाच व्होल्टवर दर वेळी नवीन काहीतरी सांगत होती. साडेचारला सलग वीस वेळा एकच उत्तर आलं. ते शेजारी उभे होते, आणि विसावी फाइलही जुळली तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

आता दोन फाइली तुमच्या हातात असतील, प्रत्येकी २०४८ बाइटची. त्या जोडून ४०९६ ची एक करायची, पण कुठली आधी? यासाठी शेवटाकडे पाहा. ६५०७ चालू झाला की सुरुवात कुठून करायची हा पत्ता तो गेमच्या अगदी टोकाला शोधतो: शेवटून चौथी आणि तिसरी बाइट. त्यातली दुसरी बाइट बहुधा एफ ने सुरू होते, कधी डी किंवा बी ने. ज्या फाइलच्या टोकाला असा पत्ता दिसेल ती वरची, म्हणजे जोडताना दुसरी. बऱ्याच गेमची सुरुवात ७८ डी८ ए२ एफएफ ९ए अशा बाइटनी होते. ती या काळातल्या प्रोग्रॅमरांची यंत्र नीट उभं करायची नेहमीची पद्धत. ती मला दिसली की जीव भांड्यात पडतो, कारण मग हा खरा ६५०७ चा प्रोग्रॅम आहे आणि तो वाचला गेलाय.

जोडलेली फाइल स्टेला या इम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर २६०० ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. गेम दिसला तर दिसला. पण ओळखीचा वाटला म्हणून निराश होऊ नका, आणि अनोळखी वाटला म्हणून लगेच कुणाला सांगू नका. आधी तिची प्रकाशित गेमच्या फाइलशी बिट-बिट तुलना करा. इथे मी एक कसोटी वापरते. भार गळाला की ० चा १ होतो. १ चा ० आपोआप होत नाही. म्हणून फरक असलेल्या प्रत्येक जागी पाहायचं: प्रकाशित गेममध्ये ० आणि तुमच्याकडे १, असं सगळीकडे असेल तर तुमची प्रत तीच आहे, फक्त वयाने झिजलेली. पण काही जागी उलटं, म्हणजे तिकडे १ आणि तुमच्याकडे ०, असं असेल तर ते कुणीतरी लिहिलेलं आहे. तो आधीचा मसुदा आहे. मघाच्या त्या गृहस्थांच्या चिपेत तेवीस बिट वेगळे निघाले होते, आणि तेवीसच्या तेवीस एकाच दिशेला. त्यांना वाईट वाटलं. त्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या एका कॅसेटमध्ये साठच फरक होते, पण दोन्ही दिशांना. त्यात खेळाडूचा वेग वेगळा होता आणि एक शत्रू नंतर काढून टाकलेला होता. चित्रं बाइटमधून ठिपक्या-ठिपक्यांनी काढून पाहिली. ती बहुतेकदा उलटी साठवलेली असतात, कारण प्रोग्रॅम ओळी खालून वर मोजतो. पान उलटं धरलं तेव्हा आठ ओळींचा एक छोटा पक्षी दिसला, जो दुकानातल्या गेममध्ये कुणीच पाहिला नव्हता.

आता पैशांचं. किंमत मी सांगणार नाही, कारण ती आत काय निघतं यावर आणि त्या आठवड्यात कोण घ्यायला बसलंय यावर ठरते. पण संग्राहकांमध्ये एक मत आहे ते तुमच्या कानावर येईलच: न वाचलेली चिप जास्त किमतीची, कारण आतला मजकूर फक्त तुमच्याकडे. मला हे मत पटत नाही. न वाचलेली चिप दर वर्षी थोडी थोडी रिकामी होत असते, आणि विकत घेणारा ती कपाटात ठेवणार असेल तर एक दिवस तो फक्त काच आणि सोन्याची तार यांचा मालक उरेल. वाचून ठेवा. वाचलेली फाइल लगेच जगाला वाटली पाहिजे असं नाही. वाचणं आणि वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निन्टेन्डोच्या 'अर्थबाउंड'च्या जुन्या प्रोटोटाइपचं असंच झालं. १९९८ मध्ये तो वाचून बाहेर आला तेव्हा अनेकांनी तो बनावट म्हटलं. २०१५ मध्ये निन्टेन्डोनेच तो गेम अधिकृतपणे काढला. कुणी वाचून ठेवला नसता तर त्या सतरा वर्षांत त्याच्याबद्दल फक्त अफवा राहिल्या असत्या.

कायद्याच्या बाजूने एवढंच: गराज सेलमधून वस्तू तुमची झाली, आतल्या गेमचा हक्क नाही. तो कंपनीचा, किंवा कंपनी बुडाली असेल तर जिने तिचे हक्क घेतले तिचा. म्हणून फाइल तडकाफडकी इंटरनेटवर टाकू नका. आत खरंच वेगळं काही निघालं तर तुमच्या शेजारच्याच राज्यात, न्यू यॉर्कमधल्या रॉचेस्टरला, द स्ट्राँग हे खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा त्यांचा मोठा विभाग आहे. कॅरल शॉ यांनी २०१७ मध्ये आपले गेम आणि छापील सोर्स कोड (स्वतः लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) तिथेच दिला. त्यांना ई-मेल लिहा. विकायचंच ठरलं तरी आधी त्यांच्याशी बोला आणि वाचलेल्या फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा. घरात विकायचं की द्यायचं यावर मतभेद असतील तर ते सावकाश मिटवा, त्याची घाई नाही. घाई फक्त वाचण्याची आहे.

मास्किंग टेपही फेकू नका. ती सुकून गळायला आली असेल तर आधी तिरप्या उजेडात फोटो घ्या. पुसट पेनाचा दाब कागदावर राहिलेला असतो आणि बाजूने बॅटरी धरली की अक्षरं उठून दिसतात. फोटो घेताना चिपांवर टेप असू द्या. आणि खोकं विकणाऱ्या घराचा पत्ता आठवत असेल तर परत जाऊन नम्रपणे विचारा की हे कुणाचं होतं. घरातलं कुणी तिथे नोकरीला होतं का, हे एक वाक्य कधी कधी चिपेहून जास्त सांगतं.

या आठवड्यात टेप लावून, चिपा अंधाऱ्या डब्यात ठेवून, त्या सॉकेटमध्ये आहेत की सोल्डर केलेल्या ते बाजूने पाहून कळवा. भावाने वाचून काढल्या तर दोन्ही फाइलींच्या शेवटच्या सोळा-सोळा बाइट मला लिहून पाठवा. वरची चिप कोणती ते त्यावरून ठरवू, आणि सुरुवात कुठून होते ते पाहून पुढचं सांगते.